पाटीकाकू आणि वाकडी डोलकाठी

ठोकळ्यांच्या त्या कारखान्यात चारशे माणसं कामाला होती. त्यातल्या तीनशे नव्व्याण्णव जणांना पगार मिळायचा तो काहीतरी माहीत असण्याबद्दल. एकट्या काकूंना मिळायचा तो माहीत नसण्याबद्दल. ऐकायला हे फार सुखाचं वाटतं. पण एखादी गोष्ट अकरा वर्षं माहीत करून न घेणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच विचारावं.

कारखाना मुलांसाठी जोडणीचे ठोकळे बनवायचा. खोक्यात पिशव्या, पिशव्यांत तुकडे आणि वर एक पुस्तिका. पुस्तिकेत एकही शब्द नाही, नुसती चित्रं आणि बाण. पायरी एक, पायरी दोन असं करत गेलं की शेवटी काहीतरी उभं राहायचं. काकू तिथं लागल्या तेव्हा शेतघर उभं राहायचं, अग्निशमन केंद्र उभं राहायचं, दीपगृह, मासेमारीची नाव, पाणचक्की असलं काय काय उभं राहायचं. त्या काळी हिरवा ठोकळा सगळ्यात जास्त लागे, कारण गवत सगळीकडेच असतं.

मग आले महानायकांचे सिनेमे. कारखान्यानं सिनेमावाल्यांशी करार केला आणि दोन वर्षांत गवत संपलं. काळे, राखाडी आणि चकचकीत ठोकळे पोत्यांनी यायला लागले. आता कुठला सेट काढायचा हे कारखान्यात ठरेनासंच झालं. सिनेमावाले वर्षभर आधी सीलबंद पाकिटातून चित्रं पाठवायचे, त्यावरून इकडे सेट तयार व्हायचा आणि सिनेमा लागायच्या आधी दोन आठवडे खोकी दुकानांत पोचायची. सिनेमा चालला की खोकं चालायचं आणि सिनेमा आपटला की खोकं त्याच ट्रकमधून परत यायचं. एका जांभळ्या खलनायकाचा सिनेमा असा काही आपटला, की त्याची डोकी अजूनही कारखान्यात जिथं तिथं सापडतात. कॅन्टीनमधे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली तीच, आणि हिशेबनिसाच्या कपाटाला मूठ म्हणून बसवलंय तेही त्याचंच. दुसऱ्या एका सिनेमात एक म्हातारी लिफ्टवाली तीन मिनिटं येऊन छत्रीनं खलनायकाला बडवून गेली, तर जगभरच्या पोरांनी पत्रांचा पाऊस पाडला, की लिफ्टवाल्या आजी खोक्यात का नाहीत? त्या आजींना घाईघाईनं छत्रीसकट घडवताना सगळ्या कारखान्याच्या नाकी नऊ आले होते.

काकूंची नेमणूक झाली ती एका आजोबांच्या पत्रामुळे. पहिल्याच महानायकाच्या सेटची पुस्तिका सात जणांनी तपासली होती, आणि सातही जणांनी सिनेमाची चित्रं पाहिलेली होती. झगा कुठल्या बाजूनं बसवायचा हे एकोणिसाव्या पायरीत नीट दिसतच नव्हतं, पण एकालाही ते खटकलं नाही. झगा पाठीवरच असतो, त्यात विचारायचं काय! आजोबांनी लिहिलं होतं, ‘माझ्या नातीनं सिनेमा पाहिलेला नाही आणि मी तर नाहीच नाही. आम्ही झगा पोटावर बसवला. आता आमचा वीर जेवायला बसल्यासारखा दिसतो. असंच आहे का?’

पुस्तिका विभागाच्या साहेबांनी ते पत्र फळ्यावर टाचलं आणि ठरवलं, की इथून पुढं छपाईआधी प्रत्येक सेट एका कोऱ्या पाटीनं जोडून बघायचा. कोरी पाटी म्हणजे ज्याला त्या नायकाबद्दल ओ की ठो माहीत नाही असा माणूस. त्यानं पान सांगेल तेवढंच करायचं. साहेब कारखानाभर हिंडले. पिशव्या भरणाऱ्या विभागात येऊन म्हणाले, “ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी हात वर करा.” साठ बायकांत एकच हात वर आला. काकूंना अंधार झाला की झोप लागायची, म्हणून त्या थिएटरात कधी जातच नसत. त्या दिवसापासून त्यांचं नाव पाटीकाकू पडलं.

पाटीकाकूंचं टेबल कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून होतं, म्हणजे खोलीतली पोस्टरं पाठीमागं राहत. टेबलावर एक पांढरं कापड, एक दिवा आणि बिस्किटांचा एक जुना डबा. पिशव्या हातानं भरल्या जात, कधी एखादा तुकडा कमी भरे, म्हणून डब्यात सुटे तुकडे ठेवलेले असत. पुस्तिका त्यांना मुखपृष्ठ काढून मिळे आणि शेवटचं पानही काढून मिळे, कारण शेवटच्या पानावर पूर्ण झालेलं चित्र असतं आणि तुकड्यांची यादी असते. अकरा वर्षांत काकूंनी एकाही सेटचं शेवटचं पान पाहिलं नव्हतं. जोडणी झाली की त्या चिठ्ठीवर ‘जमलं’ असा एक शब्द लिहीत. नाही जमलं तर ‘अडलं’ लिहून पायरीचा आकडा घालत. त्या ‘अडलं’मुळे किती आजोबांचे जीव वाचले असतील कोण जाणे. एकदा काकूंचं मनगट मुरगळलं तेव्हा साहेबांनी बदली म्हणून एका ग्रंथपालांना आणलं. त्यांनी शपथेवर सांगितलं, आपण असलं काही बघत नाही. तिसऱ्या पायरीला ते गृहस्थ त्याच सिनेमाची धून शीळ घालून वाजवायला लागले.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण एकच होती, आणि ती काकूंच्या घरात होती. काकांना महानायकांचं वेड होतं.

काकांनी तीस वर्षं शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर पेन्शन बेताची आणि वेळ अफाट. पहिल्या दिवशी पहिला खेळ, मधल्या रांगेतली एक खुर्ची, हा त्यांचा नेम झाला. बायको येणार नाही हे माहीतच होतं, पण मोठी पंचाईत पुढं व्हायची. घरी आल्यावर सांगायचं कुणाला? सिनेमा पोटात नुसता उसळ्या मारत असायचा आणि घरात ब्र काढायची सोय नाही, कारण बायकोची नोकरी जायची. बिचारे महिन्यातून तीनदा केस कापायला जात. डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं, पण न्हावी ऐकून घ्यायचा. टीव्हीवर जाहिरात लागली की काका आवाज बंद करत आणि काकू उठून स्वयंपाकघरात जात. वर्तमानपत्रातलं सिनेमाचं पान काका आधीच काढून घडी घालून गादीखाली सारत. असा अकरा वर्षांचा संसार.

यंदा काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बसवली होती. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच आणि त्याची पाळी पुढच्या महिन्यात होती, तेव्हा त्या डोळ्यानं सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसे. ऑपरेशनचा सगळा खर्च काकूंच्या कारखान्याच्या विम्यातून होत होता. चार-चार तासांनी थेंब घालायचे आणि मान खाली घालायची नाही, त्यामुळे न्हावीही बंद. आणि नेमका त्याच आठवड्यात नारिंगी हातमोजेवाल्याचा चौथा भाग लागला.

काका दुपारी कोट घालून खुर्चीत बसून राहिले.

“कुठं निघालात?” काकूंनी विचारलं.

“कुठं नाही.”

“मग कोट?”

“गार वाटलं जरा.” बाहेर ऊन मी म्हणत होतं.

काकूंनी त्यांच्या डोळ्यावरच्या वाटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “दिसणार आहे का तुम्हाला काही?”

“ऐकीन की.”

आता यावर एखाद्या बाईनं काय करावं? काकूंनी चप्पल घातली. नाहीतरी या हातमोजेवाल्याचा सेट सध्या आपल्या टेबलावर नाही आणि पुढचं पुढं, असं मनाशी म्हणून त्यांनी अकरा वर्षांचा नेम मोडला.

आणि मोडला तो चांगलाच मोडला, कारण नुसता सिनेमा बघून भागणार नव्हतं. तो सांगायचा होता. “आता कोण आलं?” काका कानाशी विचारत. “उंच बाई आहे, केस पांढरे, हातात दिवा.” “अरे वा, ती आली! आता काय करतेय?” काकूंना झोप यायला उसंतच मिळाली नाही. पुढच्या रांगेतली माणसं चारदा मागं वळून शू करून गेली. हातमोजेवाल्याचं उडतं जहाज पडद्यावर आलं तेव्हा तर काकूंनी ते काकांना नखशिखांत सांगितलं: पोट राखाडी, नाक बसकं, आणि शेपटीशी एक वाकडी तपकिरी डोलकाठी, वर लाल दिवा. ती डोलकाठी नायकाच्या बापाच्या नावेची होती. बाप समुद्रात गेला तो परतला नाही, म्हणून पोरगा ती काठी आकाशात घेऊन हिंडायचा. हे सांगताना काकूंचा आवाज जरा ओला झाला. त्या मनात म्हणाल्या, बरं केलं आपण इतकी वर्षं नाही पाहिलं ते.

सिनेमा रंगात आला असताना थेंबांची वेळ झाली. काकू कडक. काकांना दंडाला धरून त्यांनी बाहेर उजेडात आणलं, बाकावर मान मागं टेकवून बसवलं, थेंब घातले आणि पाच मिनिटं डोळा मिटायला लावला. मग डाव्या डोळ्यातही कसलेसे थेंब होते. तेवढ्यात दारं उघडली आणि माणसं नाकं पुसत बाहेर यायला लागली.

“संपला वाटतं,” काकू म्हणाल्या.

“असू दे,” काका म्हणाले. “तू सांगितलास तसा मला कधी दिसलाच नव्हता.” घरी येईपर्यंत त्यांनी काकूंचा हात सोडला नाही.

तीन आठवड्यांनी काकूंच्या टेबलावर नवा सेट आला. पाकिटावर नाव नाही, नुसता आकडा. पायऱ्या दोनशे बारा. चाळिसाव्या पायरीला हातातल्या राखाडी पोटाला बसकं नाक फुटलं आणि काकूंनी हातातला तुकडा खाली ठेवला. हे जहाज त्यांनी आजवर कुठल्याच सेटात जोडलं नव्हतं, तरी ते त्यांच्या ओळखीचं होतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या पाचव्या भागाचा सेट होता तो.

तिथंच हात वर करून सांगायला हवं होतं. पण काकांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नऊ दिवसांवर आलं होतं आणि आता आपण कोऱ्या नाही हे सांगायचं म्हणजे टेबल सोडायचं. टेबल गेलं की विमा गेला. काकूंनी स्वतःला बजावलं, मनात काही का असेना, हात पानाबाहेर जाणार नाहीत. डोळ्यात तेल घालून त्यांनी एकेक पायरी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज झालं. उरलं काही नाही, कमी पडलं काही नाही. त्यांनी ‘जमलं’ लिहिलं, जहाजावर पांढरं कापड टाकलं आणि घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी धूळ पुसायला म्हणून कापड उचललं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. जहाजाच्या शेपटीशी वाकडी तपकिरी डोलकाठी होती, वर लाल दिवा. ती आपण केव्हा लावली?

त्यांनी पुस्तिका उघडली. शेवटच्या पायऱ्या बघितल्या, मग पहिल्यापासून दोनशे बाराही पायऱ्या तपासल्या, मग उलट्या क्रमानं तपासल्या. शेपटीशी एक तपकिरी बुडखा बसवायचा होता, तेवढा होता. डोलकाठी नव्हती. कुठंच नव्हती.

म्हणजे पुस्तिकेत पायरीच राहून गेली आहे, आणि ती पकडायला बसवलेल्या बाईनं सिनेमा पाहिला असल्यामुळे तिच्या हातांनी तिच्या नकळत ते भोक बुजवून टाकलं. ज्या चुकीसाठी त्यांना अकरा वर्षं पोसलं, तीच चूक. आता हजारो खोकी जाणार. कुठंतरी एखादी मुलगी सगळं जहाज जोडणार आणि तिच्या हातात एक काठी नि एक दिवा उरणार. आपलंच काही चुकलं असं वाटून ती अख्खं जहाज मोडून पुन्हा बसणार. आणि हे सांगायचं तरी कसं? कोऱ्या पाटीला काय माहीत, की इथं डोलकाठी हवी होती? तोंड उघडलं की चोरी उघडी.

तेवढ्यात साहेब आले. “झालं का काकू?”

“चिठ्ठी लिहिलीय.”

“तुम्ही लिहिलंत ना, मग झालंच. उद्या दुपारी छपाई.” त्यांनी चिठ्ठी खिशात घातली. कापड उचलूनसुद्धा पाहिलं नाही. अकरा वर्षांत त्यांनी ते कधीच उचललं नव्हतं. त्यांनी तेव्हा उचललं असतं तर बरं झालं असतं, असं काकूंना दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका खुर्चीत सरळ बसले. उजव्या डोळ्यावरची वाटी आता निघाली होती आणि त्या डोळ्यानं ते काकूंकडे टक लावून बघत होते.

“माझ्यामुळे झालं. मी येऊन सांगतो साहेबांना,” ते म्हणाले.

“तुम्ही काय सांगणार? डोळे माझे होते.”

“हं,” काका म्हणाले. “एकदा डेपोत माझ्या गाडीत सीटखाली एक नट सापडला. एवढुसा. मेकॅनिक म्हणाला, असेल कुणाच्या तरी खिशातला, काढ गाडी. रांग लागली होती, लोक शिव्या घालत होते. मी नाही काढली. म्हटलं, हा कुठला ते कळल्याशिवाय चाक हलणार नाही.”

“मग? कुठला निघाला?”

“एका बाईच्या छत्रीतला.”

काकूंना एवढ्यातही हसू आलं. “आणि तुमचा डावा डोळा?”

“राहू दे धूसर. तुला बघायला एक पुरतो,” काका म्हणाले. “पण छपाईच्या आधी सांग. सकाळीच.”

सकाळी काकू साहेबांच्या केबिनमधे गेल्या, त्या बसल्याही नाहीत. “साहेब, मी सिनेमा पाहिला,” असं एका दमात म्हणाल्या, आणि मग काकांचा डोळा, थेंब, चाळिसावी पायरी, डोलकाठी सगळं तसंच एका दमात सांगितलं. “छपाई थांबवा. एक पायरी राहिलीय. माझं काय करायचं ते नंतर करा.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी छपाईवाल्यांना फोन करून थांबायला सांगितलं आणि बाणवालीला बोलावलं. बाणवाली म्हणजे पुस्तिकेची चित्रं काढणारी. दिवसभर बाण काढून काढून ती बोलतानासुद्धा बोटानं हवेत बाण काढायची. राहिलेल्या पायरीचं ऐकून ती पांढरीफटक पडली. “मी? पायरी विसरले? शक्यच नाही.”

साहेबांनी खण उघडून शेवटचं पान काढलं. काकू समोर आहेत म्हणून सवयीनं त्यावर हात ठेवला, मग म्हणाले, “आता काय लपवायचं!” आणि पान टेबलावर सरकवलं. काकू वाकल्या. पूर्ण झालेलं जहाज होतं, राखाडी पोट, बसकं नाक, आणि शेपटीशी नुसता बुडखा. खाली तुकड्यांची यादी होती. साहेबांनी बोट ठेवून ती वरपासून खालपर्यंत वाचली. डोलकाठी यादीतही नव्हती.

“मग ती आली कुठून?” साहेब म्हणाले.

तिघंही काकूंच्या टेबलाशी गेली. साहेबांनी पहिल्यांदाच ते कापड उचललं. बाणवालीनं काठी काढून उजेडात धरली. “अहो, ही तर आपल्या जुन्या मासेमारीच्या नावेची! आणि दिवा दीपगृहाचा!” काकूंनी बिस्किटांचा डबा उघडला. तळाशी जुन्या सेटांचे उरलेसुरले तुकडे होते, काकू कधीकाळी पिशव्यांत भरत तसलेच. हात तिथं जाऊन आले होते आणि काकूंना त्याचा पत्ताही नव्हता.

“पण सिनेमात तर आहे ती,” काकू म्हणाल्या. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बापाच्या नावेची.”

बाणवालीनं त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. “काकू, ती तुटते ना शेवटी! शहर वाचवताना. नुसता बुडखा उरतो. पाचव्या भागात तो बुडखाच आहे. अख्खं जग रडलंय त्या काठीसाठी.”

“शेवटी?”

“शेवटच्या दहा मिनिटांत.”

“आम्ही बाहेर होतो,” काकू हळूच म्हणाल्या. “थेंब घालत होतो.”

बाणवालीच्या तोंडून फुस्स असा आवाज आला आणि साहेबांनी चष्मा काढला, कारण हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या. पुस्तिका बरोबर होती. खोक्यात उरणारं काही नव्हतं, कुठलीही मुलगी जहाज मोडून बसणार नव्हती. काकूंचा जीव असा भांड्यात पडला, की त्यांना पाणी मागवावं लागलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “मग मी आवरते टेबल.”

“थांबा. नियम तो नियम,” साहेब म्हणाले. “हातमोजेवाल्याच्या कुठल्याही सेटला तुम्ही आता चालणार नाही. हा सेटही नव्या पाटीकडून जोडून घ्यावा लागेल.” मग त्यांनी काकूंकडे रोखून बघितलं. “बाकीचे सहा नायक. घुबडवाला कशात बसून उडतो?”

“कोण घुबडवाला?”

“छान. दोन भावांतला खरा दुष्ट कोण?”

“कुणाचे भाऊ?”

साहेबांना मुलगा परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला. “आवरू नका टेबल,” ते म्हणाले. “सहा नायक पुष्कळ झाले एका बाईला. आणि पुन्हा असं काही झालं तर आधी सांगा. चाळिसाव्या पायरीला.” काकू हो म्हणाल्या. ही गोष्ट त्यांना टोचली आणि टोचायलाच हवी होती.

जहाज जोडायला साहेबांनी स्वतःच्या सासूबाईंना आणलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘जमलं. इथं चहा गार देतात.’ छपाई दोन दिवस उशिरा झाली, त्यानं कुणाचंही काही बिघडलं नाही. काकांच्या डाव्या डोळ्याची तारीख होती ती तशीच राहिली.

घरी बातमी ऐकल्यावर काकांनी आधी देवाचे आभार मानले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे हातमोजेवाला तुला चालतो? कायमचा?”

“तोच तेवढा. बाकीच्यांबद्दल ब्र काढायचा नाही.”

शनिवारी बसच्या शेवटच्या थांब्याजवळच्या एका जुन्या थिएटरात चौथा भाग अजून चालू होता. काकांनी खिडकीशी जाऊन दोन तिकिटं मागितली. “दोन,” ते तिकीटवाल्याला पुन्हा म्हणाले. त्याला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, तरी. थेंब त्यांनी आत जायच्या आधीच घालून घेतले. या खेपेला काकू गप्प होत्या आणि काका कानाशी सांगत होते, आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून शू करत होती.

शेवटची दहा मिनिटं आली. जहाज कोसळणाऱ्या पुलाखाली शिरलं, शेपटी अडकली, वाकडी डोलकाठी ताणली गेली, करकरली आणि कडाडकन तुटली. लाल दिवा गरगरत खाली समुद्रात गेला. थिएटरभर हुंदके फुटले. आणि काकूंना हसू आलं. आधी त्यांनी ते पदरात दाबलं, पण ते दाबलं जाईना. तुटली, खरंच तुटली, नुसता बुडखा उरला! डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या खुदुखुदु हसत होत्या.

“अगं, इथं रडायचं असतं,” काका कळवळून म्हणाले. त्यांचे स्वतःचे दोन्ही डोळे भरले होते.

“माहीत आहे हो,” काकू म्हणाल्या. “कळतंय मला.” आणि पुन्हा हसल्या.

परतीच्या बसमधे गर्दी नव्हती. काकूंनी खिडकीशी जागा धरली. काका शेजारी बसले, त्यांनी कोटाचं बटण काढलं, घसा साफ केला. अकरा वर्षांचं आत साठलेलं कुठून सुरू करावं हे त्यांना कळेना.

“पहिल्या भागापासून सांगू?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासूनच सांगा.”

काकांनी सुरुवात केली. हातवारे केले, आवाज काढले, बाप समुद्रात गेला तेव्हा थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मधेच बस थांबली, चार माणसं उतरली, बस निघाली. उतरायचा थांबा मागं गेला होता. काकूंनी तो खिडकीतून बघितला होता, पण तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ते आता सांगायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.